पोटगी मागितली तर मी पुरुष म्हणून उणा ठरेन का?

पत्राचा गोषवारा: मी ४३ वर्षांचा. लग्नाला १५ वर्षं झाली, मुलगी ११ वर्षांची आहे. पत्नी एका कंपनीत मोठ्या पदावर आहे, तिच्या हातात महिन्याला साधारण १ लाख ४० हजार येतात. माझा छोटा छापखाना होता. सात वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, मुलगी लहान होती, पत्नीचे दौरे वाढले होते. छापखाना बंद करून मी घर सांभाळायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं. तसाही छापखाना तोट्यातच चालला होता. मशिनं विकून आलेले सहा लाख फ्लॅटच्या सुरुवातीच्या रकमेत घातले. फ्लॅट पत्नीच्या नावावर आहे. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. सध्या शिकवण्या आणि डीटीपीची कामं करून महिन्याला १८-२० हजार मिळतात. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी अजून ‘मुद्रण’ असंच लिहितो. गेलं दीड वर्ष आम्ही एकाच घरात वेगळ्या खोल्यांत राहतो. आता पत्नीने परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा आणला आहे. त्यात कुणी कुणाकडून काही घ्यायचं नाही, मुलगी तिच्याकडे, आणि मी दोन महिन्यांत घर सोडायचं, असं आहे. मित्र म्हणतो, तिच्या पगारातला अर्धा वाटा कायद्याने तुझा. थोरला भाऊ म्हणतो, बायकोपुढे हात पसरलास तर आमच्या दारात येऊ नकोस. नवऱ्याला पोटगी मिळते का? आणि मिळत असली तरी मी ती मागावी का?

नमस्कार,

मिळू शकते. मात्र तुमचा मित्र सांगतो तशी मिळत नाही. आणि ती मागणं म्हणजे भाऊ म्हणतात तसं हात पसरणंही नव्हे. तुमच्या पत्रात हे दोन आवाज इतके मोठे आहेत की तुमचा स्वतःचा आवाज फॉर्मवरच्या त्या एका रकान्यापुरताच ऐकू येतो. म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते सांगते, म्हणजे बाकीचं बोलायला जागा होईल.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यातलं कलम २४ दावा चालू असतानाच्या पोटगीचं आणि दाव्याच्या खर्चाचं, कलम २५ कायमस्वरूपी पोटगीचं. दोन्ही कलमांत पत्नी किंवा पती, दोघांपैकी कुणीही अर्ज करू शकतो असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ही सवलत अलीकडे कुणी घुसडलेली नाही. तरीही सुशिक्षित माणसं ‘पुरुषाला पोटगी? असं कुठे असतं का?’ म्हणतात, कारण आपल्या डोळ्यांसमोर कायम दुसरा कायदा असतो. फौजदारी प्रक्रियेतलं जुनं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १४४, पत्नी, मुलं आणि आईवडील यांच्यासाठी आहे. नवऱ्याला तिथे जागा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही दाद फक्त स्त्रीला मागता येते. म्हणून तुमच्यासारख्याला दार एकच, ते विवाहाच्या कायद्यातलं.

आणि इथेच तुमच्या पत्रात एक मोठी गोष्ट राहून गेली आहे. तुमचं लग्न कुठल्या कायद्याखाली झालं? कपाटातलं विवाह प्रमाणपत्र आजच काढून बघा. हॉलवर विधी झाले आणि नंतर नुसती नोंदणी केली असेल तर तुम्हाला हिंदू विवाह कायदाच लागू होतो. पण विवाह अधिकाऱ्यासमोर, तीस दिवसांची नोटीस देऊन, तीन साक्षीदारांच्या सह्यांनी लग्न झालं असेल तर ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालचं. मात्र विधिवत लग्न झाल्यावर ते या विशेष विवाह कायद्याखाली नोंदवून घेणारेही असतात. त्या कायद्याची कलमं ३६ आणि ३७ पोटगी फक्त पत्नीला देतात. ख्रिस्ती दांपत्यांसाठीच्या १८६९ च्या कायद्यातही तसंच आहे. पारशी कायद्यात मात्र १९८८ च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको दोघांनाही हक्क आहे. एकाच गल्लीतल्या दोन घरांतले नवरे सारख्याच अडचणीत असतील आणि एकाला कायद्याने मागता येईल, दुसऱ्याला येणार नाही. मला हे न्याय्य वाटत नाही. पण आज कायदा असा आहे आणि तुम्हाला आजच्या कायद्यावरच पाऊल टाकायचं आहे.

समजा, प्रमाणपत्र विशेष विवाह कायद्याचं निघालं. तरी खचू नका. परस्पर संमतीच्या घटस्फोटात कुणी कुणाला काय द्यायचं हे तुम्ही दोघं ठरवता. तिथे पत्नीने नवऱ्याला रक्कम द्यायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. फरक इतकाच की बोलणी फिसकटली तर कोर्टात जाऊन मागायचा रस्ता तुम्हाला नसेल.

आता हिंदू विवाह कायदा लागू आहे असं धरून पुढे बोलू. कोर्ट नवऱ्यांना खरंच पोटगी देतं का? दिली आहे. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने व्यवसाय चालवणाऱ्या पत्नीने पतीला दरमहा २० हजार रुपये अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापर्यंतची, पोटगी द्यावी, हा आदेश कायम ठेवला. आपल्याकडे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नांदेडच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, घटस्फोट होऊन गेलेला असतानाही, पतीला दरमहा ३ हजार रुपये अंतरिम पोटगी देण्याचा आदेश कायम केला. २०२४ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने आजारपणामुळे कमवू न शकणाऱ्या पतीला दरमहा १० हजार देण्याचा आदेश उचलून धरला. तिथली पत्नी बँकेत अधिकारी होती.

पण दुसरी बाजूही नीट वाचा, कारण तुमचं प्रकरण तिच्या जवळचं आहे. मुंबई उच्च न्यायालयानेच १९९२ मध्ये म्हटलं होतं की धडधाकट नवऱ्याने आपणहून कमाई बंद केली आणि मग बायकोकडून पोटगी मागितली, तर ते आळसाला खतपाणी घालणं होईल. मध्य प्रदेशात २००१ साली एका नवऱ्याने रिक्षा चालवणं बंद केलं आणि पोटगी मागितली. उच्च न्यायालयाने ती नाकारली. कलम २४ ची कसोटी ‘जोडीदारापेक्षा कमी कमाई’ अशी नाहीच. स्वतःच्या निर्वाहाला आणि दाव्याच्या खर्चाला पुरेल इतकं स्वतंत्र उत्पन्न आहे की नाही, एवढंच ते बघतं. तुमची कमाई तिच्या सातव्या हिश्श्याइतकी आहे हे खरं, पण नुसत्या तफावतीवर पोटगी मिळत नाही. आणि त्यात मित्राचा ‘अर्धा पगार’ तर कुठेच बसत नाही. असा कुठलाही ठरलेला वाटा हिंदू विवाह कायद्यात लिहिलेला नाही. कलम २५ खाली कोर्ट दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता, दोघांची वागणूक आणि बाकीची परिस्थिती बघून रक्कम ठरवतं.

म्हणून तुम्हाला एक प्रश्न विचारते. राग मानू नका, कोर्टात हाच प्रश्न कमी मायेने विचारला जाईल. छापखाना घरासाठी बंद केलात, की तो बंद पडतच होता म्हणून घर हाती घेतलंत? पत्रात तुम्ही दोन्ही लिहिलं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, माणसाचे निर्णय बहुतेकदा असेच होतात. पण दोन्ही कागदावर मांडा. छापखान्याच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांचे हिशेब काय सांगतात? सासऱ्यांच्या फिजिओथेरपीला कोण नेत होतं, शाळेच्या पालकसभांना कोण जात होतं, पत्नी दौऱ्यावर असताना रात्री ताप मोजायला कोण जागं होतं? त्या काळात तुम्हा दोघांत ‘तू घर बघतोयस म्हणून मला जाता येतंय’ अशा अर्थाचे मेसेज झाले असतील तर ते जपून ठेवा. खुन्नस म्हणून नव्हे. सात वर्षांचं घरकाम कुठल्याच पगारपत्रकात दिसत नाही. ते तुम्हीच मांडलं नाही तर कुणालाच दिसणार नाही.

आणि त्यानंतरचा, जास्त अवघड प्रश्न. सासरे जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी आता पाचवी-सहावीत असेल. या तीन वर्षांत तुम्ही पुन्हा पूर्णवेळ काम शोधलंत का? शोधलं आणि मिळालं नाही, तर अर्ज कुठे केले, उत्तरं काय आली, याचे पुरावे गोळा करा. शोधलंच नसेल तर का नाही, हे आधी स्वतःशी प्रामाणिकपणे बोला. त्या रकान्यात अजून ‘मुद्रण’ लिहिता, त्याअर्थी ते काम तुमच्या मनातून गेलेलं नाही. मला त्यात आशा दिसते. पण आजच्या छपाईच्या धंद्यात परत उभं राहायला नवं शिकावं लागेल, आणि त्याला वेळ आणि पैसा लागेल. तुमच्या मागणीचा खरा आधार हाच आहे.

माझं मत सरळ सांगते. आयुष्यभर दरमहा पोटगी मिळावी अशी तुमची बाजू मला भक्कम वाटत नाही. तुमची तब्येत चांगली आहे, हातात कला आहे, थोडी का होईना कमाई चालू आहे. पण दोन-तीन वर्षं पुन्हा उभं राहायला आधार मिळावा, ही तुमची मागणी रास्त आहे आणि ती करायला तुम्ही मुळीच लाजू नका. पत्नी दौऱ्यांवर असताना तिचं करिअर वाढलं, ते घरात दुसरा माणूस होता म्हणून. त्या वाढीत तुमचे हात लागले आहेत.

तुमच्या थोरल्या भावांविषयीही थोडं. त्यांना तुमचं वाईट चिंतायचं आहे असं मी मानत नाही. भावाची लोकांत नाचक्की होऊ नये, हीच त्यांची धडपड असावी. पण सासऱ्यांना कुशीवर वळवताना, त्यांचं अंथरूण बदलताना तुमच्या पुरुषपणाला बट्टा लागला नाही, मग त्या कष्टांचा हिशेब मांडताना तो कसा लागेल? त्यांना एवढंच सांगा की मी कुणाकडे भीक मागत नाही, पंधरा वर्षांच्या संसाराचा हिशेब दोघं मिळून करतोय. एवढं ऐकूनही दार बंद झालं, तर ते तुम्ही लावलेलं नसेल.

पत्नीच्या बाजूनेही क्षणभर बघा. मसुद्यातलं ‘काही द्यायचं नाही’ वाचून तुम्हाला तो अपमान वाटला असणार. तिला कदाचित वाटत असेल की हप्ते मी भरले, पगाराचा ताण मी ओढला, आता सुटताना तरी मोकळी होऊ दे. तिचंही खोटं नाही. दोघांनी दोन वेगवेगळ्या प्रकारे घर ओढलं आणि दोघांनाही वाटतं की आपण एकट्यानेच ओढलं. हे बोलायला तिसरं माणूस मदत करू शकतं. दावा कौटुंबिक न्यायालयात गेला तर तिथे विवाह समुपदेशक असतात. त्यांच्या भेटी ‘समेट होणारच नाही’ म्हणून उरकून टाकू नका. नीट वेगळं होण्याची बोलणीही तिथे होऊ शकतात.

आता मुलगी. पोटगीच्या काळजीत तुम्ही मुलीचा उल्लेख एका वाक्यात संपवलात, मसुद्यातही तो एका ओळीत आहे. पण गेली सात वर्षं तिचा दिवस तुमच्याबरोबर उजाडतो. तिने कुणाकडे राहायचं हा प्रश्न पोटगीच्या आधीचा आहे आणि पोटगीपासून वेगळा ठेवायचा आहे. ‘पैसे देत नसशील तर मुलगी देणार नाही’ किंवा ‘मुलगी दिलीस तर पैसे देते’ अशी देवाणघेवाण कुणी सुचवली तर तिथेच थांबवा. ती तुमच्याकडे राहिली, तर तिच्या खर्चाचा वाटा आईने उचलणं हे तिचं स्वतंत्र कर्तव्य आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी आई आणि वडील दोघांची असते. हे पैसे मुलीचे आहेत, ते तुमच्या पोटगीत मोजू नका. ती आईकडे राहिली, तर तुमच्या कमाईच्या मानाने तुम्हीही तिच्यासाठी काही द्या, शाळेच्या बसचे असोत की वह्या-पुस्तकांचे. आणि भेटीचे दिवस, सुट्ट्या, फोनची वेळ हे सगळं नेमक्या शब्दांत लिहून घ्या. ‘सोयीप्रमाणे भेटता येईल’ या शब्दांनी पुढे फार भांडणं होतात.

सहा लाखांचंही तसंच. ती पोटगी नव्हे, तो तुमचा पैसा आहे. आपल्याकडे घटस्फोटात नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप निम्मी होत नाही. नाव तिचं असल्याने फ्लॅट सकृद्दर्शनी तिचा. पण मशिनांच्या विक्रीची पावती, तुमच्या खात्यातून बिल्डरच्या खात्यात गेलेली रक्कम, त्या महिन्याचं बँकेचं विवरण, हे सगळं काढून ठेवा. बोलणीत पहिला मुद्दा हाच असू द्या: ‘माझे सहा लाख परत, आणि इतक्या वर्षांत घराची किंमत वाढली त्याचा काही विचार.’ सुरुवात इथून झाली तर पुढचं बोलणंही उपकाराच्या भाषेत होणार नाही.

मागायचं कसं? तुमच्या बाबतीत मी एकरकमी रकमेच्या बाजूची आहे. दरमहाची पोटगी म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा नवरा-बायको होणं. पैसे आले की नाही, उशीर का, मेसेज करू की नको. शिवाय परिस्थिती बदलली तर कोर्ट ती रक्कम कमी-जास्त करू शकतं, तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर तिच्यात बदल होऊ शकतो किंवा ती बंदही होऊ शकते. प्राप्तिकराच्या दृष्टीनेही दरमहाची रक्कम सर्वसाधारणपणे उत्पन्न धरली जाते, एकरकमी मिळालेली भांडवली जमा, म्हणजे उत्पन्नात न मोजली जाणारी. आकडा हवेत सांगू नका. भाड्याच्या घराची अनामत आणि काही महिन्यांचं भाडं, नवं सॉफ्टवेअर शिकण्याचा खर्च, संगणक, आणि कमाई वर येईपर्यंतची महिन्याची तूट, असं एकेक लिहून बेरीज करा. अशा बेरजेवर समोरचं माणूस घासाघीस करतं, पण ती फेटाळून लावणं त्याला जड जातं.

बोलणी फिसकटली आणि दावा उभा राहिला, तर कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा आणि खर्चाचा अर्ज करता येईल. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालानुसार दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी मंजूर झाली तर ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. प्रतिज्ञापत्रात शिकवणीचे रोख मिळणारे पैसेही लिहा. आणि कुणी कितीही सांगितलं तरी दावा मजबूत व्हावा म्हणून शिकवण्या बंद करू नका. १९९२ आणि २००१ चे निकाल नेमके असल्याच वागण्यावर होते. वकिलाची फी परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा. पुरुषांसाठी तिथे सर्वसाधारणपणे उत्पन्नाची मर्यादा असते, तुमची कमाई पाहता चौकशी करायला हरकत नाही.

तोवर तो मसुदा टेबलावर तसाच राहू द्या. परस्पर संमतीसाठी वर्षभर वेगळं राहणं लागतं. एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसाल तर ते वेगळं राहणं धरलं जातं, त्यामुळे ती अट तुमची बहुधा पूर्ण झालेली आहे. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांचा काळ असतो, २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार योग्य प्रकरणात कोर्ट तो माफही करू शकतं. म्हणजे एकदा सही झाली की गोष्टी भराभर पुढे सरकू शकतात. हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत तुम्हाला संमती काढून घेता येते, पण ‘भविष्यातही पोटगी मागणार नाही’ असं लिहून हुकूमनामा झाला, तर नंतर ते उकरून काढणं फार जिकिरीचं. तिला सरळ सांगा की मलाही वेगळं व्हायचं आहे, फक्त तीन गोष्टी आधी लिहून घेऊ: मुलीचं वेळापत्रक, माझे सहा लाख, आणि मला उभं राहायला लागणारी रक्कम. घर सोडायची दोन महिन्यांची मुदत त्या तिन्ही गोष्टी ठरल्यापासून मोजू. त्यांतली रक्कम शेवटच्या सहीच्या दिवशी, कोर्टातच, डिमांड ड्राफ्टने हातात पडेल असं अटींमध्ये घालून घ्या.